आधी जोडीदार, मग शिखर: मुंबईत राहून हिमालय चढणाऱ्या हौशी गिर्यारोहकांसाठी

मुंबईतल्या हिमालयाच्या मोहिमा बहुधा उलट्या क्रमाने ठरतात. आधी शिखराचा फोटो, मग रजेच्या तारखा, मग विमानाचं स्वस्त तिकीट, आणि निघायला सहा आठवडे उरले की व्हॉट्सॲपवर निरोप: "फ्रेंडशिप शिखराला एक जण कमी पडतोय, कुणी येतंय का?" येणारा येतोही, आणि माणूस म्हणून तो चांगलाही असतो. पण साडेचार हजार मीटरवर पहाटे दोनला डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायचे खिळे, लावताना कळतं, की या गड्याने आइस ॲक्स, म्हणजे बर्फात रोवायची कुऱ्हाड, आजवर फक्त फोटोपुरती धरली होती. तोवर तुम्ही दोघं एकाच दोराला बांधलेले असता.

नोकरी-धंदा सांभाळून, वर्षातून एकदा पंधरा-वीस दिवसांची रजा काढून पाच-सहा हजार मीटरचं शिखर करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एवढंच की हा क्रम पालटा. ज्यांच्याबरोबर दोर बांधायचा ती माणसं आधी, शिखर सगळ्यात शेवटी. यात दीड-दोन वर्षं जातात. घाई असेल तर चांगल्या एजन्सीबरोबर जा, त्यात कमीपणा काहीच नाही; पण मग तुम्ही तिथे ग्राहक असता, जोडीदार नव्हे, हे ध्यानात ठेवा.

सह्याद्री काय शिकवतो, काय नाही

मुंबईकराचं नशीब असं की शेवटच्या कसारा लोकलने निघालं तर पहाटे बारी गावातून कळसूबाईच्या वाटेला लागता येतं. १,६४६ मीटरचं हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, ढाक बहिरी, अलंग-मदन-कुलंग, लिंगाणा, तैलबैल्याच्या भिंती हे सगळं दोन-तीन दिवसांच्या आवाक्यात आहे. दृष्टिभय मोडणं, घसाऱ्यावर पाय टाकणं, सुटा दगड ओळखणं, अंधारात वाट काढणं, तहान सोसणं यासाठी सह्याद्रीइतकी चांगली शाळा नाही. नाळेत वरच्याने दगड सोडला तर "दगड!" म्हणून ओरडायची सवय इथेच लागते.

पण थंडी, बर्फ आणि विरळ हवा या तीन गोष्टी सह्याद्री शिकवत नाही. लिंगाणा लीलया चढणारा माणूस बर्फाच्या उतारावर घसरला, तर ॲक्स रोवून स्वतःला कसं थांबवायचं हे त्याच्या अंगात नसतं. आणि समुद्रसपाटीवरच्या दमसासाचा विरळ हवेशी जुळवून घेण्याशी फारसा संबंध नाही. उलट तगडा माणूस वेगाने वर जातो आणि आधी आजारी पडतो, असंच जास्त दिसतं.

म्हणून कोर्स. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ साली सुरू झाली, उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ साली. मनालीला अटलबिहारी वाजपेयी संस्था आहे, शिवाय पहलगाम आणि अरुणाचलातलं दिरांग. बेसिक कोर्स २६ ते २८ दिवसांचा असतो. ॲडव्हान्स्डला जायचं तर बेसिकमध्ये 'ए' ग्रेड लागते. फी सरकारी असल्याने खासगी मोहिमेच्या मानाने फारच कमी, त्यामुळे जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. वयाची अटही असते. चाळिशीच्या जवळ असाल तर अर्ज या वर्षीच टाका. खरी अडचण फीची नसून सलग महिनाभराच्या रजेची असते. त्यावर उपाय एकच: साहेबांना आठ-नऊ महिने आधी सांगणं.

कोर्स म्हणजे सुरक्षिततेची हमी, असं मात्र समजू नका. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा-२ वर झालेल्या हिमस्खलनात नेहरू इन्स्टिट्यूटच्याच ॲडव्हान्स्ड कोर्सची तुकडी सापडली होती, आणि शिकणाऱ्यांबरोबर शिकवणारेही गेले.

कोर्सचा दुसरा फायदा कुणी फारसा सांगत नाही. तिथे विद्यार्थ्यांचे 'रोप' पाडतात, म्हणजे सात-आठ जणांचे गट, प्रत्येकाचा एक रोप लीडर. महिनाभर एकाच तंबूत झोपून, एकाच रांगेत जेवणाची ताटली धरून उभं राहून जी ओळख होते, ती मुंबईत पाच वर्षांतही होत नाही. कोर्स संपताना आपल्या रोपमधल्या कुणाबरोबर पुन्हा डोंगरात जायला आवडेल, ते वहीत लिहून ठेवा. तो पुण्या-नाशिकचा असेल, बंगळूरचा असेल; चालतं. कोर्स झालेला आणि स्वभाव माहीत असलेला जोडीदार आठशे किलोमीटरवर राहिला तरी परवडतो.

माणसं भेटतात कुठे

संस्थांमध्ये. हे उत्तर तरुणांना कंटाळवाणं वाटतं, पण दुसरं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. गिरिविहार ही मुंबईतली जुनी संस्था, तीही १९५४ सालची. मुलुंडचे चक्रम हायकर्स आहेत. १९२८ साली स्थापन झालेल्या हिमालयन क्लबचं मुख्यालय मुंबईत आहे, त्यांची व्याख्यानं होतात. पावसाळ्यात मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात गिरिमित्र संमेलन भरतं. राज्यभरचे डोंगरवेडे तिथे एका छताखाली सापडतात. स्टेजवरचं भाषण ऐकाच, पण चहाच्या रांगेत जास्त वेळ काढा.

संस्थेत गेलात तर पहिल्या दिवशी "हिमालयात कधी जायचं?" असं विचारू नका. प्रस्तरारोहणाच्या शिबिरात स्वयंसेवक व्हा. दोर वाहा, शंभर मुलांना हार्नेस (दोर बांधायचा कमरपट्टा) चढवा, संध्याकाळी कॅरॅबिनर (दोर अडकवायच्या कड्या) मोजून पेटीत भरा. ही बिनपगारी कामं कोण न कुरकुरता करतं ते तुम्हाला दिसतं, आणि तुम्ही करता का ते जुन्या मंडळींना दिसतं. निवड दोन्हीकडून होत असते. दोन मोसम असं काम केलेल्याला "या वर्षी आमच्याबरोबर येतोस का?" हा प्रश्न आपसूक येतो.

बेलापूर आणि मुंब्र्याचे कातळ या सरावाच्या जागा. शनिवार-रविवारी तिथे नेहमीची मंडळी असतात. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत चढायचं तर वनखात्याची परवानगी लागते, ती न घेता कान्हेरीला दोर काढू नका. कृत्रिम भिंतीवर जाणारी नवी पिढी हाताने फार तयार असते. पण भिंतीवर उत्तम चढणारा डोंगरात उत्तम असेलच असं नाही. तंबूत सलग तीन दिवस अडकून बसणं हेही गिर्यारोहणच आहे.

फेसबुक-व्हॉट्सॲपचे गट ओळख व्हायला ठीक. ओळखीपासून दोरापर्यंतचं अंतर मात्र पायीच कापावं लागतं.

पारख

कुणाला जोडीदार म्हणण्याआधी त्याच्याबरोबर निदान तीन वेगवेगळ्या ऋतूंत डोंगरात जा, असा माझा हट्ट असतो.

पावसाळ्यात कर्जतजवळच्या खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर करा. धो-धो पाऊस, पायाखाली शेवाळ, पाठीवर भिजून जड झालेली सॅक. घसरड्या टप्प्यावर हा गडी मागच्यासाठी थांबतो, की पुढे जाऊन फोटो काढतो? ओढ्याला पाणी चढलं असेल तर "चल रे, होईल" म्हणतो, की काठी घालून खोली बघतो? ओढा पाहून परत फिरूया म्हणणारा माणूस सापडला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

डिसेंबरात रतनगडाच्या गुहेत किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्काम करा. इथे स्वयंपाक बघायचा. स्टोव्ह कोण पेटवतो, भांडी कोण घासतो, पहाटे चारला उठायचं ठरलं असेल तर गजर झाल्यावर स्लीपिंग बॅगमधून पहिला कोण बाहेर येतो. हिमालयात थंडीने आणि थकव्याने माणसाचा स्वभाव बदलत नाही, तो फक्त झाकलेला राहत नाही.

आणि मे महिन्यात अलंग-मदन-कुलंग. लोक वेड्यात काढतील. पण कातळ तापलेला, टाक्यातलं पाणी तळाला गेलेलं, दोर लावून चढायचं, दोन-तीन दिवस काढायचे. शेवटचं अर्धा लिटर पाणी कुणाच्या बाटलीत आहे आणि ते कोण कुणाला देतं, हे बघायला याहून चांगली जागा नाही. अर्थात हा ट्रेक वाट आणि दोरकाम जाणणाऱ्या अनुभवी माणसाशिवाय करू नका, आणि उन्हाने कुणी मलूल झालं तर ट्रेक तिथल्या तिथे सोडून त्याला खाली आणा. पारखायच्या नादात कुणाचा जीव धोक्यात घालायचा नाही.

कौशल्य तपासायला मुंबई पुरते. मुंब्र्याला जा, बिले करायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, सांगा आणि बघत राहा: ब्रेकवरचा हात एकदा तरी सुटतो का, बोलताना नजर चढणाऱ्यावरून हलते का. चढण्याआधी तुमची गाठ आणि हार्नेसचं बक्कल तो स्वतःहून तपासतो का? तुम्ही त्याचं तपासायला गेलात तर त्याला राग येतो का? राग येत असेल तर गप्पांपुरती मैत्री ठेवा.

हिमभेगेत पडलेल्याला बाहेर काढायची तालीमही इथेच होते. झाडाला किंवा बोल्टच्या अँकरला (दोर बांधायच्या पक्क्या आधाराला) दोर बांधा, एकाला सॅकसकट लटकवा, वरून एक जास्तीचा दोर सुरक्षिततेला ठेवा. मग प्रुसिकच्या, म्हणजे ओढ बसली की दोरावर आवळणाऱ्या गाठी, नवा अँकर, पुलीने ओढण्याची रचना सगळं हातमोजे घालून करायचं. मुंबईच्या घामात जाड हातमोजे घालून गाठी मारणारी टोळी बघून येणारे-जाणारे हसतील. हसू द्या.

किती जण?

माझं उत्तर चार ते सहा. दोघांच्या दोरावर एक हिमभेगेत गेला, तर दुसऱ्याने झटका पेलायचा, पडल्या पडल्या अँकर करायचा आणि एकट्याने ओढायचं. हे पुस्तकात जमतं. तिघं असतील तर वर दोन माणसं उरतात. चौघांचा दुसरा फायदा असा, की एकाला उंचीचा त्रास झाला आणि खाली न्यावं लागलं तर त्याच्याबरोबर एक जण जातो, आणि वर कुणी एकटं पडत नाही. सहाच्या पुढे गेलं की निर्णय सभेत होऊ लागतात.

निघण्याआधीचं रोखठोक बोलणं

चहा घेऊन बसा आणि या गोष्टी तोंडाने बोला. "आपलं समजलेलंच आहे" यावर मोहिमा मोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

पैसे पहिले. ट्रेकला टीटीएमएम चालतं, मोहिमेला नाही. सामायिक खातं, एक हिशेबनीस, प्रत्येक खर्चाची नोंद. ऐन वेळी कुणी गळलं तर खेचरं, आचारी, गाइड यांची आगाऊ दिलेली रक्कम कुणाच्या अंगावर? आजारपणामुळे गळला तर वेगळा नियम, ऑफिसने रजा नाकारली तर वेगळा? निघण्याआधी ठरवा, लेखी ठरवा. मित्रांत लेखी कशाला, असं म्हणणाराच पुढे सगळ्यात जास्त वाद घालतो.

दुसरं, परत फिरायची वेळ. "अकरा वाजता जिथे असू तिथून मागे." वेळ किती हे शिखर आणि हिमाची अवस्था पाहून ठरेल, पण ती खाली, डोकं ताळ्यावर असताना ठरली पाहिजे. प्रत्येकाला विचारा: "तू शेवटचा कुठून परत फिरलास, आणि का?" ज्याच्याकडे या प्रश्नाला उत्तरच नाही तो एकतर फार कमी गेलाय, नाहीतर फार नशीबवान आहे. दोन्ही प्रकारांपासून सावध.

तिसरं, नेता कोण. लोकशाही बेस कँपपर्यंत. बेस कँपच्या वर एकाचा शब्द शेवटचा, अपवाद एकच: कुणीही "मला पुढे जायचं नाही" म्हटलं तर त्याच्याशी वाद घालायचा नाही.

चौथं, आजारपणं. दमा, रक्तदाब, फिट, जुनं गुडघ्याचं दुखणं, सल्फाची ॲलर्जी, रोजच्या गोळ्या. लाजून लपवलेलं दुखणं वर सगळ्या संघाचं होतं. दाताची तपासणीही उरकून घ्या, दाढ नेमकी थंडीत ठणकते.

आणि घरचे. सगळ्यांच्या घरच्यांना एकदा एकत्र बोलवा. कुणाच्या आईला कोणाचा फोन जाणार, तारीख उलटून किती दिवस झाल्यावर काळजी करायची, मुंबईतला संपर्काचा माणूस कोण, हे सगळ्यांसमोर ठरू द्या. "अरे, माझ्या मुलाला तूच सांभाळ हं" असं एखादी काकू नेत्याला म्हणेल. त्यावर खोटा शब्द देऊ नका.

जिन्यावरचा हिमालय

मजल्याची उंची साधारण तीन मीटर धरा. वीस मजली इमारत म्हणजे साठ मीटर; दहा फेऱ्या म्हणजे सहाशे मीटर चढ. सुरुवातीला रिकामी सॅक, मग दर दोन आठवड्यांनी वजन वाढवत बारा-पंधरा किलोपर्यंत. वजनाला पाण्याच्या बाटल्या घ्या, वर गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घाला आणि हलके होऊन उतरा, गुडघे वाचतात. वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या फेरीला तो वर येईल. शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा वजनासकट उतरायचाही सराव करा, कारण शिखरावरून येताना मांड्या उतारावरच दगा देतात.

याला जोड म्हणून आठवड्यातून दोन दिवस संथ, लांब धावणं किंवा चालणं. बोरिवलीच्या उद्यानात गेटपासून कान्हेरीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता त्यासाठी छान आहे. वेग असा, की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. धाप लागेपर्यंत पळणं रोज करू नका. महिन्यातून एकदा सलग दहा-बारा तासांचा सह्याद्रीतला दिवस हवाच. शिखराचा दिवस तेवढा किंवा त्याहून मोठा असतो.

शिखराची निवड

आता कुठे शिखर. ऋतू पाहून निवडा. हिमाचल-गढवालला मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. लडाख पर्जन्यछायेत असल्याने जुलै ते सप्टेंबर. म्हणजे मुंबईत मुसळधार पाऊस पडत असतो तेव्हा लडाखचा मोसम असतो.

मनालीजवळचं फ्रेंडशिप, ५,२८९ मीटर, पहिल्या शिखरासाठी बरं आहे. सोलंगहून बकरथाच, मग लेडी लेगचा तळ. पण लेडी लेगहून शिखरापर्यंतचा चढ हजार मीटरहून बराच जास्त आहे, त्यामुळे मधे एक वरचा कँप लावता आला तर जरूर लावा. लडाखचं कांग यात्से-२ साधारण ६,२५० मीटरचं. मारखा खोऱ्यातून चालत निमालिंगकडे जाताना शरीर आपोआप उंचीला सरावतं, हा त्याचा मोठा गुण. मनालीचं देव तिब्बा ६,००१ मीटर आहे, पण त्याला तंत्र जास्त लागतं. नून, ७,१३५ मीटर, किंवा सतोपंथ, ७,०७५ मीटर, ही नावं पहिल्या तीन-चार वर्षांत काढू नका.

'सोपं शिखर' म्हणजे सोपं हवामान नव्हे.

परवानग्यांसाठी दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडे काही महिने आधी अर्ज करावा लागतो. त्याशिवाय वनखातं, राष्ट्रीय उद्यान, सीमाभाग असेल तर इनर लाइन परवाना. सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. स्थानिक एजन्सी परवाने, खेचरं आणि आचारी बघते, तो खर्च वाचवायला जाऊ नका. गाइड घेणार असाल तर त्याचं प्रशिक्षण कुठलं, त्या शिखरावर तो स्वतः गेलाय का, आणि किती जणांमागे एक गाइड, हे तीन प्रश्न विचारा.

विम्याची पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचा. प्रवास विम्यातून गिर्यारोहण किंवा ठरावीक उंचीच्या वरचा भाग बऱ्याचदा वगळलेला असतो. आणि कुणी परदेशातून सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र आणून देत असेल तर घेऊ नका. परवान्याशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि विमानतळावर माणसं पकडली गेली आहेत. लडाखला जाताना पोस्टपेड सिम घ्या, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड तिथे चालत नाही.

उंचीशी वागणं

५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. हवेत प्राणवायूचं प्रमाण तेवढंच, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी येतो. शरीर याला उत्तर देतं: श्वास वाढतो, लघवी वाढते, पुढच्या आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. या सगळ्याला दिवस लागतात, आणि मुंबईकर नेमके दिवसच वाचवायला बघतो.

सकाळी मुंबईहून निघून दुपारी लेहला, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून थेट ३,५०० मीटरवर. पहिले दोन दिवस काही करायचं नाही. बाजारात फिरायचं नाही, मठाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, "मला तर काहीच होत नाहीये" असं म्हणून खार्दुंग ला तर मुळीच नाही. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा वर जाऊन सामान ठेवून रात्री खाली झोपायला यायचं, ही लोड फेरीची जुनी रीत म्हणूनच आहे.

डोकं दुखणं, त्याबरोबर मळमळ, भूक जाणं, थकवा, चक्कर: हा उंचीचा साधा त्रास. तो असताना वर जायचं नाही. आराम, पाणी, लागलं तर साधी वेदनाशामक गोळी. दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद. चोवीस तासांत उतार पडला नाही किंवा वाढला, तर खाली.

बसल्या जागी धाप, खोकला, ओठ-नखं निळसर, फेसाळ गुलाबी थुंकी: फुप्फुसात पाणी. अडखळत चालणं, असंबद्ध बोलणं, गुंगी: मेंदूला सूज. संशय आला की पंजाला टाच लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर सकाळची वाट बघायची नाही; रात्र असो, हिम पडत असो, त्याला उतरवायचं. आणि त्याला एकट्याला कधीच खाली पाठवायचं नाही. औषधं, प्राणवायू हे उतरण्याच्या जोडीला असतात, उतरण्याऐवजी नव्हे.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल सगळेच विचारतात. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. पण ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत.

जोडीदाराचा खरा उपयोग इथे असतो. उंचीवर स्वतःचं बिघडलेलं स्वतःला कळत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ दोघांनी एकमेकांना ठरलेले प्रश्न विचारा: डोकं? जेवलास किती? झोप? लघवीचा रंग? बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण त्या आकड्यांची तंबूत स्पर्धा लावू नका. नेहमी बडबड करणारा गप्प झाला, हे लक्षण कुठल्याही यंत्राच्या आधी कळतं. पण त्यासाठी तो नेहमी बडबड करतो हे ठाऊक असावं लागतं. सहा आठवड्यांपूर्वी भेटलेल्याबद्दल ते ठाऊक नसतं.

सामान, थोडक्यात

दुहेरी बूट, क्रॅम्पॉन, ॲक्स पहिल्या वर्षी भाड्याने घ्या. हार्नेस, हेल्मेट, हातमोजे आणि गॉगल स्वतःचे. हार्नेस-कॅरॅबिनरवर सीई किंवा यूआयएए ही सुरक्षा-मानकाची खूण नसेल तर घेऊ नका. बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून बघा. भाड्याचे क्रॅम्पॉन भाड्याच्या बुटांवर दुकानातच बसवून पाहा.

मुंबईची दमट हवा सामानाची वैरीण आहे. कपाटात चार वर्षं पडलेल्या बुटाचा तळवा वरून धड दिसतो आणि मोरेनवर, म्हणजे हिमनदीने आणलेल्या दगडांच्या राशीवर, चालताना सुटतो, कारण आतला फोम हवेतल्या ओलाव्याने कुजलेला असतो. निघण्याआधी महिनाभर ते बूट घालून सॅकसकट चाला, सुटायचा असेल तर कळव्यात सुटेल. पिसांची स्लीपिंग बॅग दाबून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. दोर सावलीत वाळवा.

गॅसचे डबे विमानातही चालत नाहीत, रेल्वेतही नाही. ते मनाली-लेह-उत्तरकाशीला घ्या. ॲक्स चेक-इन सामानात, टोकांना रबर लावून. पाच हजार मीटरवर पाणी साधारण ८३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ-तांदूळ उघड्या भांड्यात शिजत नाहीत; छोटा प्रेशर कुकर न्या. वर भूक मरते, तेव्हा घरची चव कामी येते: मेतकूट-भात, चिक्की, शेंगदाण्याचे लाडू, लिंबाचं लोणचं. निघण्याआधीच्या ट्रेकला हेच खाऊन बघा, ज्याला लाडू घशाखाली उतरत नाही त्याच्यासाठी वेगळं काही घ्यावं लागेल.

शिखराचा दिवस आणि नंतर

रात्री एक-दोनला निघायचं, कारण ऊन चढलं की हिम मऊ होतं, पाय मांडीपर्यंत रुततात आणि वरून दगड-हिम सुटायला लागतं. दोरावर माणसांमध्ये दहा-बारा मीटर अंतर, दोर ना ताणलेला ना पायात येणारा. सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग तो संघाचा वेग. ठरलेली वेळ झाली की घड्याळ दाखवून मागे वळायचं. समोर शिखर शंभर मीटरवर दिसत असेल तरीही, आणि बहुतेक वेळा ते दिसतच असतं.

मुंबईला परतल्यावर आठवड्याच्या आत हिशेब पूर्ण करा, उरलेले पैसे परत द्या. फाउंडेशनला अहवाल पाठवा. दोर, स्लिंग, हार्नेस तपासा: दोरावर कुठे मऊ पडलेला किंवा चपटा भाग बोटांना लागला, किंवा मोठा झटका बसला असेल, तर तो दोर बाद, न वापरलेला दोरही दहा वर्षांपुढे चढाईला घेऊ नका. बाद दोराचे लगेच तुकडे करा, नाहीतर पुढच्या शिबिरात तो कुणीतरी उत्साहाने काढेल.

मग सगळे पुन्हा एकत्र बसा, या वेळी घरच्यांशिवाय. कुठे दोर ढिला राहिला, कुणाचं बोलणं कुणाला लागलं, कुठल्या निर्णयाला उशीर झाला. आणि वाटेची टिपणं संस्थेत नेऊन द्या: कँपच्या जागा, पाणी कुठे मिळालं, खेचरवाल्याचा दर, हिमभेगा कुठल्या बाजूला उघड्या होत्या, कोणत्या तारखेला हिम कसं होतं. पुढच्या वर्षी त्याच शिखराला निघालेला मुंबईचा गट तुम्हाला फोन करणारच आहे, तेव्हा हे लिहून ठेवलेलं असलं की बरं पडतं.